ओळंब्याचे वाफे

थंडी सरत आली होती, पण अजून पुरती सरली नव्हती. सकाळी परसातल्या धुण्याच्या दगडावर पाय ठेवला की कळ थेट टाळूपर्यंत जायची, आणि दुपारी त्याच दगडावर मांजर अंग ताणून झोपायचं. असल्या दिवसांत गवंडीण दरवर्षी परसात असायची. बाह्या वर सारलेल्या, हातात खुरपं आणि तोंडाचा पट्टा चालू. माती काही उलट उत्तर देत नसे, म्हणून ती नवऱ्याला हाका मारून त्याच्याशी भांडायची. या वर्षी मात्र ती खिडकीत बसलेली होती.

गेल्या पावसात शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. डॉक्टरने स्वतः तिला दवाखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं आणि म्हणाला, ‘आजी, आता खुशाल फिरा, हाड माझ्यापेक्षा धडधाकट आहे तुमचं.’ घरी आल्यावर ती एकदाच मागची पायरी उतरली. परसातली माती मऊ, जागोजागी ढेकळं. काठी वीतभर आत रुतली, तोल गेला, सुनेने धावत येऊन धरलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून ती मागच्या दारापर्यंत यायची, पायरीकडे बघायची आणि परत फिरायची. ‘माझं झालं आता,’ म्हणायची. परसात गुडघाभर गवत माजलं.

एका संध्याकाळी जेवताना मुलाने विषय काढला. मुलगा टेंपो चालवायचा. टेंपो गल्लीत उभा राहायचा, आणि गल्लीने त्याचा आरसा फोडला होता, ताडपत्री पळवली होती, वर त्याच्या टपावर कपडे वाळत घालायलाही कमी केलं नव्हतं.

‘आई, रागावू नकोस,’ तो म्हणाला, ‘पण परस नुसतं पडून आहे. तिथे सिमेंटचा कोबा घातला तर मागच्या फाटकातून टेंपो आत घेता येईल. अण्णा घरचेच आहेत. गवंडी बाहेरून आणायलाही नको.’

सुनेने पाण्याचं भांडं हातातच धरलं. अण्णा, म्हणजे गवंडिणीचा नवरा, मान खाली घालून वाट बघत राहिला. आता भडका उडणार, याची त्याला खात्री होती.

‘घाल की,’ गवंडीण म्हणाली. ‘मला काय करायचंय आता परस.’

आणि ती पुढचा घास घेऊन चावू लागली. तिघंही तिच्याकडे बघत राहिले. हीच ती बाई, जिच्या कोथिंबिरीवर नवऱ्याने एकदा एका रात्रीपुरत्या विटा रचल्या होत्या, तर तिने सकाळी एकेक वीट उचलून गल्लीत भिरकावली होती आणि वर त्यालाच त्या गोळा करायला लावलं होतं. त्या दिवशी त्याचा तिळपापड झाला होता. आज ते आठवलं आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. हाड जुळलं, पण बाई कुठेतरी हरवली, असं त्याला वाटलं. त्याला त्याची भांडखोर बायको परत हवी होती.

‘वाळू-खडी मी फेरीवरून परत आलो की मागवतो,’ मुलगा म्हणाला.

‘बघू,’ म्हणून अण्णा उठला.

अण्णाला घराबाहेर सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला तो लोखंडी गोळा, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा. ह्याला तर दोरीचीही गरज नव्हती. एक डोळा मिटून तो भिंतीकडे बघायचा आणि ‘पाड’ म्हणायचा. लोकांच्या लग्नाच्या फोटोत उभं राहूनसुद्धा त्याने मागच्या भिंतीला नावं ठेवली होती. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे परांचीवर चढणं बंद झालं होतं, आणि दिवसभर घरात बसून तो शेजाऱ्यांच्या खिडक्या किती वाकड्या आहेत ते सुनेला सांगायचा. पण भाजीच्या वाफ्याला त्याने जन्मात हात लावला नव्हता. ‘तुझे ते पाल्याचे चाळे,’ एवढंच तो बायकोच्या बागेला म्हणत आला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मुलगा टेंपो घेऊन लांबच्या फेरीवर गेला आणि ह्याने परसात पाऊल टाकलं, ते कुणालाही काही न सांगता टाकलं. सांगायची लाज वाटत होती. शिवाय वाफे तयार झाले की तिला खिडकीतून एकदम दाखवायचे, असं त्याच्या मनात होतं.

पहिले दिवस गवतातच गेले. वरचं गवत उपटून निघालं, पण खाली हरळीची मुळं जमिनीला टाके घातल्यासारखी गेलेली. तो एक गुडघा जमिनीवर टेकून बसायचा, पहारीने मूळ उचलायचा, दोन्ही हातांनी ओढायचा. मूळ तुटलं की शिवी द्यायचा, अख्खं निघालं की हातात धरून कौतुकाने बघायचा. सिमेंटने फाटलेले त्याचे तळवे आता मातीने भरून निघाले. उठताना गुडघे असे कडकन वाजायचे की मांजर दगडावरून पळून जायचं. घाम आला की तो स्वेटर काढायचा, वारा लागला की परत घालायचा, आणि या काढघालीत त्याचा निम्मा वेळ जायचा.

परस मोकळं झालं तेव्हा तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. आता आपला प्रांत आला, असं त्याला वाटलं. त्याने माळ्यावरून हत्यारं काढली. खुंट्या ठोकल्या, लाइनदोरी ताणली, गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात घेतले. पाण्याची नळी धरून उंचसखल तपासलं. वाफा सपाट हवा, नाहीतर पाणी एका बाजूला पळतं, हे बायकोच्या तोंडून त्याने हजारदा ऐकलं होतं. मग त्याने टिकावाने माती उकरली, फावड्याने सारखी केली, आणि तिथेच अडला. पुढे काय?

तो आठवू लागला. इतकी वर्षं मागच्या दारात बसून चहा पिताना त्याने काय पाहिलं होतं? बायको बी टाकायची. मग वाकून तळहाताने माती थापायची. थाप, थाप, थाप, सबंध वाफाभर. हां! माती थापायची असते. बिचारी हाताने थापायची, कारण तिच्याकडे दुसरं काय होतं? आपल्याकडे धुम्मस आहे.

धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याचा जड लोखंडी ठोकळा. घराचा पाया भरताना त्याने माती ठोकून बसवतात. पाया पक्का असला की वर काय वाटेल ते उभं राहतं, हे ओळंब्याला पुरतं ठाऊक होतं. टोमॅटोचं झाड तर मजल्यापेक्षा हलकंच. त्याने मातीवर पाणी शिंपडलं, तळहातावर थुंकी लावली आणि धुम्मस उचलली.

धप्. धप्. धप्.

आत फळीवरची भांडी किणकिणू लागली. त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. गवंडीण बघत होती. तो हसला. तिने खिडकी लावून घेतली. थंडी वाजली असेल तिला, असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला.

आत गवंडीण पलंगाच्या कडेवर बसली होती. धुम्मसचा आवाज ती ओळखत होती. गवंड्याच्या घरात आयुष्य काढलं होतं तिने. गवत काढलं, दोऱ्या लावल्या, माती उकरून पाणी मारलं, आता धुम्मस. कोब्याचा पाया.

‘मुलगा परत येईपर्यंतसुद्धा धीर निघेना ह्यांना,’ ती सुनेला म्हणाली.

‘तुम्हीच घाल म्हणालात, आई.’

‘म्हणाले. म्हणून काय हसत हसत ठोकायचं?’

सुनेला सासऱ्याचा असा राग आला की तिने चहा कपात ओतला, तो मुद्दाम ओट्यावर गार होऊ दिला आणि मग नेऊन धुम्मसशेजारी आदळला.

‘चहा गार आहे गं,’ ओळंबा म्हणाला.

‘माणसंच गार पडलीत, अण्णा. चहाचं काय घेऊन बसलात?’

आज हिचं काय बिनसलंय ते त्याला कळेना. तो गार चहा पिऊन परत ठोकू लागला. एकेक वाफा ठोकून झाला की गिलावा गुळगुळीत करायच्या रंध्याने त्याची कड साफ करायचा, मध्ये माणूस चालेल एवढी वाट सोडायचा, वाट तरी कच्ची कशाला म्हणून तीही ठोकायचा. खत शेवटी घालू, वरून, गिलाव्यासारखं, असंही त्याने ठरवून टाकलं. शेवटच्या दिवशी सगळ्यावरून पट्टी फिरवून तो फाटकापाशी गेला आणि एक डोळा मिटून बघितलं. केसाइतकाही फरक नव्हता. इतक्या वर्षांत इतकं सुबक काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला मनापासून वाटलं. आता तिला हाक मारायची, असं म्हणून तो वळला, तेवढ्यात मागून टेंपोचा हॉर्न वाजला.

मुलगा फाटकातून आत आला आणि जागीच थांबला.

‘अण्णा! कमाल केलीत!’

ओळंब्याची छाती फुगली.

‘एकट्याने केलंत? या गुडघ्यांनी? वा! मी म्हटलं होतं निम्मं काम तरी मला करावं लागणार.’ मुलाने बुटाची टाच आपटली. ‘दगड आहे दगड! यावर टेंपो काय, रणगाडा उभा केला तरी हलणार नाही. असा पाया कुणी घालून दाखवावा! थांबा, खडीवाल्याला आत्ताच फोन करतो. उद्या सकाळीच टाकायला लावतो.’

ओळंब्याने खाली बघितलं. मग त्यानेही टाच आपटून पाहिली. टाच झणझणली. कोबा घालायला याहून उत्तम पाया नव्हता. हे जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी त्याला कळायला हवं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाफे केलेत बाबा, एवढे तीन शब्द तोंडातून फुटेनात. मुलाने जन्मात पहिल्यांदा आपल्या कामाची तारीफ केली, तीही नेमकी अशी. फोन होऊन गेला तरी तो रंधा हातात धरून उभाच होता.

संध्याकाळी तो बायकोच्या पलंगापाशी गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

‘अगं,’ तो म्हणाला.

‘झालं का काम तुमचं?’

‘झालं, पण...’

‘चांगलं झालं. लेकाची सोय झाली.’

तिच्या आवाजात राग असता तर तो बोलला असता. राग नव्हता. तो तिच्या पायाशी बसला, सारखंच असलेलं पांघरूण पुन्हा सारखं केलं आणि उठून बाहेर आला. स्वतःला त्याने एवढ्या शिव्या दिल्या की तेवढ्या हातून पडलेल्या भिंतीलाही कधी दिल्या नव्हत्या.

सकाळी धुकं होतं. खडीवाला ट्रॉली घेऊन गल्लीत आला आणि मुलगा हात हलवत ओरडू लागला, ‘येऊ दे, येऊ दे, डावीकडे, येऊ दे!’ आवाजाने गवंडिणीने खिडकी उघडली. सून दारात आली. ट्रॉलीचं मागचं तोंड फाटकातून आत शिरलं, आणि फाटकासमोरच्या वाफ्यावर ओळंबा उभा होता. स्वेटर उलटा घातलेला.

‘अण्णा, बाजूला व्हा. अंगावर येईल.’

‘इथे खडी पडणार नाही.’

‘मग कुठे टाकायची?’

‘कुठेही टाक. इथे नाही.’

खडीवाल्याने मान बाहेर काढली. ‘काका, गाडी चालू आहे. डिझेल जळतंय.’

‘अहो अण्णा, पण का?’ मुलगा वैतागला. ‘तुम्हीच तर पाया केलात!’

‘पाया नाही तो.’

‘मग काय आहे?’

ओळंब्याने घसा साफ केला. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला वाटलं, पण ती त्यानेच ठोकून बंद केली होती.

‘वाफे आहेत,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘वाफे! भाजीचे वाफे! बहिरा झालास का?’

मुलाने खाली बघितलं, बापाकडे बघितलं, पुन्हा खाली बघितलं. खडीवाल्याने इंजिन बंद केलं. असलं काही ऐकायला मिळत असताना त्यालाही आता डिझेलची आणि घाईची पर्वा राहिली नव्हती.

‘अहो,’ खिडकीतून आवाज आला. ‘काय म्हणालात? परत म्हणा.’

‘वाफे म्हणालो.’

‘कुणासाठी?’

‘या घरात भाजी पिकवणारी माणसं किती आहेत? तुझ्यासाठी!’ तो जवळजवळ ओरडलाच. ‘तू थापतेस ना माती? मी बघितलंय. म्हणून मीपण थापली!’

खिडकीतलं तोंड नाहीसं झालं. सुनेने कपाळाला हात लावला. ‘अण्णा, आई तीन दिवस रडतायत. त्यांना वाटलं तुम्ही कोबा घालताय. मलाही वाटलं. मी तुम्हाला गार चहा पाजला हो!’

‘तरीच म्हटलं,’ ओळंबा म्हणाला.

आतून काठीचा आवाज आला. टक, टक, टक. गवंडीण मागच्या दारात उभी राहिली. पायरीकडे तिने बघितलं, पण फार वेळ नाही. तिची नजर त्या वाफ्यांवर खिळली होती. सून हात द्यायला धावली. ‘सोड गं, मला बघू दे आधी,’ म्हणत ती पायरी उतरली, वाटेवरून काठी टेकत सरळ पहिल्या वाफ्यापाशी आली आणि काठीचं टोक त्यावर आपटलं. ठण् आवाज झाला.

‘हा वाफा?’

‘हो.’

‘यात बी पेरायचं की खिळे ठोकायचे?’

आधी खडीवाला हसला. मग मुलगा. गवंडीण स्वतः हसायला लागली तेव्हा तिला थांबताच येईना. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने पोट धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मधेच ‘कडा बघा, कडा! गिलावा केलाय!’ म्हणून परत हसत होती. ओळंब्याला आधी राग आला. मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. पावसापासून हा आवाज घरात नव्हता.

‘आई,’ मुलगा हळूच म्हणाला, ‘तू परसात आहेस.’

‘मग? कुठे असणार?’ म्हणता म्हणता ती थांबली. तिने आपल्या पायांकडे बघितलं. मागे वळून दाराकडे बघितलं; दार चांगलं लांब राहिलं होतं. तिने काठी उचलली, पुढे टेकली, दाबून बघितली. काठी रुतली नाही. पुन्हा एक पाऊल. रुतली नाही.

‘अगं बाई,’ ती म्हणाली, आणि परसाच्या टोकापर्यंत जाऊन आली.

मग मात्र तिच्या तोंडाला कोण आवर घालणार? वाटा आहेत तशाच राहतील, एक ढेकूळही उकरायचं नाही. वाफे तेवढे सगळे खणायचे, कोपरभर खोल. खडी घराच्या पुढे भिंतीलगत टाकायची, आणि कोबा घालायचा तर तिथे घाला. पुढे जागा अरुंद आहे, असं मुलगा म्हणाला, तर बापाने एक डोळा मिटून सांगितलं, ‘बसतो टेंपो. आरसा मिटलास की बसतो.’ पोराने मापून बघितलं, आणि टेंपो बसत होता. वर आईने त्याला गवळ्याकडून टेंपोभर जुनं खत आणायचं काम लावलं. ‘ताजं शेण आणशील तर तुलाच पुरीन त्यात. काळं, भुसभुशीत, वास नसलेलं आण. हातात घेऊन बघ.’ मुलगा हो हो म्हणत टेंपोकडे पळाला.

खणायचं काम ओळंब्याकडे आलं. टिकाव मातीवर पडला की उसळून परत यायचा. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या पक्क्या कामाचा राग आला. एक वाफा उकरायला अख्खी सकाळ जायची. गवंडीण वाटेवर स्टूल टाकून बसायची आणि त्याने उचकटलेली ढेकळं काठीने फोडायची, मग काठी टाकून हातानेच फोडायची. मूठभर माती दाबून तिचा गोळा करायची, बोटाने टिचकी मारायची. गोळा विस्कटला की ‘हां’ म्हणायची, नाही विस्कटला की ‘अजून ओली आहे, ऊन खाऊ दे’ म्हणायची. खत आलं ते तिने वास घेऊन पास केलं. ते मातीत कालवायचं असतं, वर लिंपायचं नसतं, हेही नवऱ्याला ऐकून घ्यावं लागलं. सूनही संध्याकाळी खुरपं घेऊन यायची, आणि घरातलं काम तसंच पडून आहे असं कुणी म्हटलं तर ‘पडू दे’ म्हणायची.

एका दुपारी दोघंच होते. ऊन आता पाठीला चावायला लागलं होतं. ओळंब्याने टिकाव टेकवून श्वास घेतला.

‘एक विचारू?’ तो म्हणाला. ‘तुला वाटलं मी कोबा घालतोय, तर भांडली का नाहीस?’

ती हातातली माती चोळत राहिली. ‘मला वाटलं, तुम्हीही आता मला कायमची बसलेलीच धरलंय.’

‘मी रोज वाट बघत होतो तू खिडकीतून ओरडशील म्हणून.’

‘ओरडायला हवं होतं?’

‘हवं होतं,’ तो म्हणाला. ‘घर खायला उठलं होतं मला.’

तिने नाक ओढलं आणि मातीचा हात गालावर फिरवला. गालाला माती लागली; ती त्याने तशीच राहू दिली, सांगितलं नाही.

‘मग घ्या ऐकून,’ ती म्हणाली. ‘एक तर तुम्ही माती खणता की खड्डा, ते कळत नाही. दुसरं म्हणजे पालकाच्या जागी काकडी लावायला निघाला होतात. आणि बी पेरल्यावर माती थापायची म्हणजे बाळाला झोपवताना थोपटतात तशी थापायची. शत्रूला बडवल्यासारखी नाही.’

‘बरं.’

‘बरं काय? अहो, लक्ष कुठे आहे? तिथे हरळीची मुळं राहिलीत की!’

मुळं त्याच्या पायाशीच होती. जाड, पांढरी, बोटभर वर आलेली. एक पाऊल सरकून त्याने ती पायाखाली घेतली.

‘कुठे?’ तो म्हणाला. ‘मला नाही दिसत. इकडे येऊन दाखव.’

‘डोळे फुटलेत का तुमचे?’ असं म्हणत गवंडीण स्टुलावरून उठली आणि तरातरा त्याच्याकडे निघाली.